चार स्वस्त की दोन चांगले?

वाचकाचं पत्र:

‘माझी छोटी हॅचबॅक गाडी सात वर्षांची झाली. आजवर ५८,००० किलोमीटर चालली आहे आणि चारही टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. परवा सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, पुढचे दोन संपले, मागचे अजून चालतील. गाडी मीच चालवते. दर आठवड्याला आईला दवाखान्यात न्यावं लागतं. ऊन असो की धो धो पाऊस, ती फेरी चुकत नाही. हिवाळ्यात काही दिवस कडाक्याची थंडी पडते, एखाद-दोनदा बर्फही भुरभुरतो. म्हणून ऑल-सीझन टायर घ्यावेत असं मनात आहे. टायरवर १८५/६५ आर १५ ८८ टी असं लिहिलंय. हाताशी जेवढे पैसे आहेत तेवढ्यात एक तर चार अगदी स्वस्त टायर येतील, नाहीतर दोन नामांकित कंपनीचे. भाचा म्हणतो, थोडे रुंद घे, गाडी रस्त्याला धरून चालेल. दुकानात मला धड काही विचारता येत नाही. समोर ठेवतील ते घेऊन परत येईन अशी धास्ती वाटते. काय करू?’

ताई,

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. चार घ्या, पण अगदी स्वस्त नकोत आणि सगळ्यात महागही नकोत. मधल्या फळीतले घ्या. माप आहे तेच ठेवा. चार मधल्या टायरांचे पैसे आत्ता काही केल्या जमत नसतील, तर मात्र दोन चांगले घेऊन ते मागच्या चाकांना बसवा आणि उरलेले दोन पुढच्या काही महिन्यांत त्याच मॉडेलचे घ्या. संपलेत पुढचे आणि नवे बसवायचे मागे, हे ऐकून तुम्ही थबकला असाल. ते का, हे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर म्हणजे ५८,००० आणि सात वर्षं हे दोन आकडे. भागाकार केला तर वर्षाला साधारण ८,३०० किलोमीटर होतात. तुमचं रनिंग कमी आहे. टायर निवडताना माणसं आधी कंपनी विचारतात, मग भाव आणि मग ‘किती चालेल?’ पण कमी रनिंगच्या गाडीला हा तिसरा प्रश्न फारसा लागू पडत नाही. टायर दोन वाटांनी संपतो. एक झिजून, दुसरा वयानं. रबराला हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता सतत लागत असते. गाडी नुसती उभी असली तरी रबर हळूहळू कडक होतं, त्यातली लवचीकता जाते, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागतात. म्हणूनच बरेच उत्पादक सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा) शिल्लक असली तरी काढून टाकावा. तुमच्या चालीनं दहा वर्षांत होतील ८३,००० किलोमीटर, आणि दहाव्या वर्षापर्यंत मी तरी टायर ताणणार नाही. सहा-सात वर्षांचा हिशेब धरा, म्हणजे ५०,००० ते ५८,०००. आत्ताचे टायर तेवढे चाललेच आहेत.

याचा अर्थ असा, की ‘एक लाख किलोमीटरची हमी’ असलेला टायर दुकानदारानं पुढे केला तर त्यातल्या निम्म्या आयुष्याचे पैसे तुम्ही भराल आणि ते आयुष्य वापरण्याआधी रबर म्हातारं होईल. शिवाय टायर दीर्घायुषी करायचा तर बहुतेक वेळा रबर कडक ठेवावं लागतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड कमी देतं. सगळ्याच टायरांना हे सारखं लागू नाही, चांगल्या कंपन्या सिलिका मिसळून दोन्ही बऱ्यापैकी साधतात. तरी ओढाताण असतेच. वर्षाला तीस हजार किलोमीटर हाकणाऱ्या माणसाला मी आयुष्य बघायला सांगितलं असतं. तुम्हाला सांगतो, ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबते तेवढं बघा. पैसे त्याला द्या, बाकी सगळ्यात काटकसर करा.

ओल्या रस्त्याचा एवढा आग्रह का, ते एका साध्या हिशेबात दिसतं. समजा दोन सारख्या गाड्या ताशी ८० किलोमीटरनं शेजारी शेजारी चालल्या आहेत आणि दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. चांगल्या टायरांची गाडी ३२ मीटरवर थांबली, सुमार टायरांची ३९ मीटरवर. सात मीटर म्हणजे काय मोठंसं, दोन गाड्यांच्या लांबीपेक्षाही कमी, असं वाटतं. पण पहिली गाडी जिथं पूर्ण थांबलेली असते तिथून दुसरी पुढे जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३४ किलोमीटर असतो. कारण ब्रेक लागताना सुरुवातीला वेग कमी घटतो आणि अंतर फार जातं, वेग घटतो तो शेवटच्या काही मीटरांत. समोर थांबलेला ट्रक त्या ३२ मीटरच्या रेषेपाशी असेल तर एक गाडी त्याच्या मागे उभी राहते आणि दुसरी ताशी ३४ च्या वेगानं आदळते. मागच्या सीटवर आई बसलेली असताना हा फरक मला कशाहीपेक्षा मोठा वाटतो. हा फरक कोरड्या रस्त्यावर दिसत नाही. कोरड्यात स्वस्तातला स्वस्त टायरही बरा वागतो, म्हणून तर तो विकला जातो.

ही ओली पकड कशी ओळखायची? युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरांवर एक लेबल असतं. त्यावर इंधनबचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज अशा तीन गोष्टी असतात, आणि पहिल्या दोन्हींना ए पासून ई पर्यंत श्रेणी असते. पावसाच्या ढगाचं चित्र असलेली श्रेणी बघा. ए किंवा बी मिळाली तर उत्तमच, ऑल-सीझनमध्ये सी ही चालवून घ्या, डी आणि ई मात्र नकोत. इंधनाच्या श्रेणीसाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजू नका, तुमच्या रनिंगला तो फरक हाताला लागणार नाही.

अमेरिकी पद्धतीची श्रेणी टायरच्या भिंतीवरच कोरलेली असते: ट्रेडवेअर असा आकडा, मग ट्रॅक्शन आणि टेम्परेचर अशी अक्षरं. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड. एए सगळ्यात वरची, मग ए, बी, सी. बी दिसला की तो टायर खाली ठेवा. वळणावरची पकड या परीक्षेत मोजलेलीच नसते, एवढं मात्र ध्यानात असू द्या. ट्रेडवेअरच्या आकड्यावरही फार विसंबू नका. १०० हा आकडा प्रमाण टायरचा, ४०० म्हणजे परीक्षेत त्याच्या चौपट टिकला, असा त्याचा अर्थ. पण परीक्षेनंतर श्रेणी कंपनीच ठरवते. कुणी हात आखडता ठेवतो, कुणी मोकळा सोडतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला नाही.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे स्वतंत्र संस्थांच्या चाचण्या. जर्मनीतला मोटारचालकांचा क्लब एडीएसी, अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था, हे टायर स्वतः विकत घेऊन, पाण्यात, कोरड्यात, बर्फात चालवून गुण देतात. तिथं एकूण गुणांकडे बघू नका, ‘ओल्या रस्त्यावर ब्रेक’ हा रकाना बघा. टायर विकत घेतलेल्यांची मतं मात्र जपून वाचा. नवे टायर टाकल्यावर आठवड्यात लिहिलेलं ‘गाडी एकदम लोण्यासारखी चालते’ हे मत खोटं नसतं, पण तो माणूस नव्या टायरची तुलना आपल्या जुन्या गुळगुळीत टायरशी करत असतो. त्या तुलनेत कुठलाही टायर जिंकतो. दोन पावसाळे काढलेल्यांचं मत शोधा.

आता ऑल-सीझनबद्दल. या नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात, आणि अडचण इथंच होते. एकीवर नुसतं ‘एम+एस’ असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीच्या खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच लावते, त्यासाठी बर्फावर चाचणी व्हावीच लागते असं नाही. दुसरीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं छोटं चित्र असतं. ते मिळवायला टायरला बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरावं लागतं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यासाठी हे डोंगराचं चित्रच ग्राह्य धरतात, नुसतं एम+एस पुरत नाही. तुमच्याकडे कडाक्याची थंडी काही दिवसच असते आणि बर्फ भुरभुरतो एखाद-दोनदा, तरी दवाखान्याची फेरी चुकत नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणून डोंगराचं चित्र असलेलाच घ्या. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडू लागतं, या टायरांचं मिश्रण त्या थंडीतही नरम राहतं, आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. मात्र हे चित्र भुसभुशीत बर्फाचं आहे. रस्त्यावर काचेसारखा गोठलेला थर असेल त्या पहाटे कुठल्याही ऑल-सीझन टायरवर भिस्त ठेवू नका, ऊन वर येईपर्यंत थांबता आलं तर थांबा. ज्यांच्याकडे बर्फ महिनोन् महिने हटत नाही त्यांना मी हिवाळी टायरांचा वेगळा संच घ्यायला सांगितलं असतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

भाच्याचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. कोरड्या रस्त्यावर, वेगात वळताना, रुंद टायर खरंच धरून चालतो. पण गाडीचं वजन तेवढंच राहतं आणि ते जास्त रुंदीवर पसरतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यात रुंद टायर पाणी कापण्याऐवजी लवकर त्यावर तरंगायला लागतो. त्यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. तेव्हा स्टिअरिंग हातात असतं पण गाडी हातात नसते. भुरभुरीत बर्फातही अरुंद टायर खाली रुतून धरतो. आणि रुंद टायर महाग. मोठ्या रिमचा तर आणखी महाग. तुमचं १५ इंची माप ही तुमची जमेची बाजू आहे, या मापात पर्याय भरपूर आणि भाव आटोक्यात. त्या आकड्यांचा अर्थही सांगून ठेवतो, म्हणजे दुकानात कुणी काही म्हटलं तर बावरायला नको. टायर १८५ मिलिमीटर रुंद. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता. ८८ आणि टी यांच्या खाली उतरायचं नाही. ९१ किंवा एच मिळाला तर चालेल, पण त्यासाठी मुद्दाम पैसे वाढवू नका.

मधल्या फळीतले म्हणजे कुठले, हे विचाराल. मोठ्या टायर कंपन्यांची दुसरी नावं असतात, आणि काटकसर करणाऱ्यासाठी ती चांगली जागा आहे. कॉन्टिनेंटलचे जनरल, सेम्पेरिट आणि बारुम. मिशेलिनचे क्लेबर आणि बीएफगुडरिच. ब्रिजस्टोनचं फायरस्टोन. सुमितोमोचं फाल्केन. कूपर ही जुनी अमेरिकी कंपनी २०२१ मध्ये गुडइयरनं घेतली. हँकूकचं लाउफेन हे आणखी खालच्या भावाचं नाव. कुम्हो आणि नेक्सन या कोरियन कंपन्याही याच पट्ट्यात बसतात. एक लक्षात घ्या, नाव चांगलं म्हणून त्या नावाचा प्रत्येक टायर चांगला असतो असं नाही. आधी डोंगराचं चित्र, मग ओल्या पकडीची श्रेणी, आणि या दोन चाळण्यांतून जे उरतील त्यातला सगळ्यात स्वस्त, असा क्रम ठेवा. कंपनीनं नवं मॉडेल बाजारात आणलं की आधीचं मॉडेल दुकानदार कमी भावात काढतात. मागच्या वर्षापर्यंत जो टायर चाचण्यांत वर होता तो नवं मॉडेल आलं म्हणून वाईट होत नाही. तुमच्यासारख्या खरेदीला याहून चांगला सौदा नाही, फक्त बनल्याची तारीख बघायची.

ही तारीख टायरवरच असते. भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे बघा. १४२५ असेल तर २०२५ सालचा १४ वा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, बाहेरून दिसली नाही तर दुसऱ्या बाजूनं बघायला सांगा. मी स्वतः एकदा घसघशीत सवलतीत चार टायर घेतले होते. नवे कोरे, चकचकीत, नक्षीवरची रबराची केसंसुद्धा तशीच. दुसऱ्या वर्षी भिंतीवर भेगा दिसल्या म्हणून तो आकडा वाचला, तर टायर घेतले त्या दिवशीच ते चार वर्षांचे होते. विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. नीट साठवलेला वर्षभराचा टायर घ्यायला मला काही अडचण वाटत नाही. पण तुमच्याकडे टायर वयानं संपणार आहे, झिजून नाही. त्यामुळे दुकानाच्या फळीवर गेलेलं प्रत्येक वर्ष थेट तुमच्या खिशातून जातं. दीड वर्षाहून जुना असेल तर दुसरा मागा.

याच कारणासाठी वापरलेले टायर घेऊ नका. नक्षी चांगली दिसली तरी आतली तार किंवा कापड कुठं खड्ड्यात दुखावलंय हे बाहेरून कळत नाही.

आता मेकॅनिकनं ‘चालतील’ म्हटलेल्या मागच्या टायरांकडे वळू. त्यानं बहुधा नक्षीची खोली बघितली. नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोलीचा असतो आणि १.६ मिलिमीटरला खाचांच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या पातळीला येतात. बहुतेक देशांत कायद्याची मर्यादा तीच. पण १.६ ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत टायर सारखाच चांगला राहतो असं नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेला की खाचांना पाणी बाहेर फेकायला जागाच पुरत नाही. तुम्ही स्वतः एवढं करा: दिवसाउजेडी गाडी थोडी पुढे-मागे करून मागच्या टायरांची भिंत आणि खाचांचे तळ बघा. बारीक भेगांचं जाळं, कुठं फुगवटा, कुठं कापलेलं, असं काही दिसलं तर ते टायर ‘चालतील’ या यादीतून आजच बाद. मग दोन की चार हा प्रश्नच उरत नाही.

भेगा नसतील आणि खोली ४ मिलिमीटरच्या वर असेल, तरच दोन घेण्याचा पर्याय खुला आहे. अशा वेळी नवे मागे, आणि मागचे जुने पुढे. तुमच्या गाडीला पुढची चाकं ओढतात, म्हणून पुढचे आधी झिजले, आणि नवे पुढेच घालावेत असं कुणालाही वाटेल. पण पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ लागते, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की बहुतेक वेळा पुन्हा धरते. मागची चाकं वळणावर घसरली तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ती सावरणं कसलेल्या चालकालाही जड जातं. म्हणून जास्त नक्षीचे टायर नेहमी मागे. मात्र ब्रेकचं बहुतांश काम पुढची चाकं करतात, आणि तिथं तुमचे सात वर्षांचे जुने टायर आलेले असतील. म्हणजे गाडी फिरणार नाही, पण थांबायला वेळ लावेल. म्हणूनच ही सोय काही महिन्यांपुरतीच, आणि तेवढे महिने पावसात वेग कमी आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट.

माझा कल चारांकडे का आहे हे आता कळलं असेल. तुम्ही बहुधा बाजारातलं वरचं टोक आणि खालचं टोक एवढंच बघितलंय, कारण दुकानात सहसा तेच दोन समोर ठेवतात. मधले चार टायर तुमच्या हाताशी असलेल्या रकमेपेक्षा थोडे वर जातील. ती तफावत कुठून भरून काढायची तेही सांगतो. नायट्रोजन भरून घेऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. जादा पैशांची वाढीव हमी नको. नवे रिम, शोभेच्या टोप्या, टायरला चकाकी आणणारं पॉलिश, काही नको. भाव विचारताना टायरचा सुटा भाव विचारू नका. बसवणं, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह आणि जुन्या टायरांची विल्हेवाट धरून चारांचे एकूण किती, असं विचारा. सुटा भाव कमी दाखवून बाकीचं मागाहून लावण्याची रीत सगळीकडे आहे. दोन-तीन ठिकाणी फोनवरूनच विचारा, म्हणजे समोर बसून नाही म्हणायचा संकोच येणार नाही.

फोनवर असं म्हणा: ‘१८५/६५ आर १५, ८८ टी, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले ऑल-सीझन. ओल्या पकडीची श्रेणी सी किंवा त्याहून वरची. मधल्या भावातले तीन पर्याय सांगा, प्रत्येकाची बनल्याची तारीख आणि बसवून चारांचे एकूण पैसे सांगा.’ हे कागदावर लिहून समोर ठेवा आणि वाचून दाखवा. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस तुम्हाला वाटेल ते गळ्यात मारायला बघणार नाही. आणि कुणी ‘तारीख कशाला बघता, सगळे नवेच आहेत’ म्हणाला, तर तिथं जाऊ नका.

एका बाबतीत पैसे वाचवू नका, ते म्हणजे व्हील अलाइनमेंट. जुने पुढचे टायर काढण्यापूर्वी नीट बघा. एकाच कडेला जास्त झिजले असतील तर चाकांचा कोन बिघडलेला आहे आणि तो नव्या टायरांनाही तसाच खाईल. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहत होती, मधला भाग झिजला असेल तर जास्त. जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजले असतील तर शॉकअप बघायला हवेत. झिजलेला टायर सात वर्षांत गाडीचं काय काय चुकलं ते सांगत असतो, म्हणून तो नेऊ देण्याआधी पाच मिनिटं द्या.

नक्षी बाणाच्या आकाराची असेल तर टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. गाडी बाहेर येताच चारही बाण पुढच्या दिशेनं आहेत ना, ते बघा. उलटा बसलेला टायर पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो, आणि ही चूक मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे. डिकीतली स्टेपनीही बाहेर काढून तिची हवा तपासायला सांगा. वापरली नसली तरी तीही सात वर्षांचीच आहे, पंक्चर झालंच तर हळू चालवत दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत जाण्यापुरतीच तिच्यावर भिस्त ठेवा.

पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून. साच्यातून निघताना टायरवर जो निसरडा थर राहतो तो जायला तेवढं अंतर लागतं, त्यामुळे जोरात ब्रेक आणि वेगातली वळणं टाळा. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा योग्य जोरानं आवळून घ्या. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला, म्हणजे तुमच्या हिशेबानं वर्षातून एकदा, पुढचे मागे आणि मागचे पुढे करा, म्हणजे चारही एकदमच उतरतील आणि पुन्हा ‘दोन की चार’ हा पेच येणार नाही. बाणाचे टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे, डावे-उजवे नाही.

हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयनं उतरतो, म्हणून थंडीची पहिली लाट आली की त्या आठवड्यात आवर्जून बघा. हवा कमी असलेला टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणजे चांगल्या टायरसाठी मोजलेले पैसे तिथं वाया जातात. दवाखान्याच्या दिवशी सकाळीच हे उरकलंत तर वेगळं लक्षात ठेवावं लागणार नाही.

दुकानांतून तीन पर्याय मिळाले की नावं, तारखा आणि एकूण रकमा मला लिहून पाठवा. आणि मागच्या टायरांवर भेगा दिसल्या की नाही, तेही कळवा. त्यात काही शंका राहिली तर खरेदीआधीच विचारा.